आसरखेडचे दोन उतार

१

ओव्हरसियर महादेवराव पेढी नदीत मेलेले सापडल्याची बातमी अमरावतीच्या सडक कमिटीत पोचली, तेव्हा सभासदांपुढे चिवडा आला होता. अध्यक्ष भगवंतरावांनी भरलेली मूठ ताटलीत परत सोडली. एवढा शोक त्यांनी आजवर कोणासाठी केल्याचे वामनराव वकिलांच्या पाहण्यात नव्हते.

"अरेरे," भगवंतराव म्हणाले, "आता पूल लांबला."

हळहळ खरी होती. पेढीपलीकडे सरकारचे बाभूळबन होते. दोन पिढ्या त्यात काटे आणि कोल्हे यांखेरीज काही पिकले नव्हते. आता सरकारच्या मनात ते मोडून जमीन वहितीला द्यायचे आले होते, आणि अमरावतीत ज्याला नांगराची कोणती बाजू मातीत जाते हे ठाऊक नव्हते तोही शेतकरी व्हायला तयार झाला होता. अडचण नदीची होती. बनात जायला सडक नव्हती, नदीवर पूल नव्हता. आसरखेडजवळ पेढीला दोन उतार होते, म्हणजे उथळ पाण्यातून ओलांडायच्या जागा. वरच्या उताराला रामराव पाटलांचे वावर लागून होते, खालच्या उताराला पुंजाराम माळ्याचा मळा. पूल यांपैकी एका जागी व्हायचा, आणि जिथे होईल तिथली जमीन सडकेच्या भरावाखाली जायची. सडक सगळ्यांनाच हवी होती, दुसऱ्याच्या वावरातून. महिन्यापूर्वी महादेवरावांनी खुंट्या ठोकल्या, त्या पुंजारामच्या मळ्यात.

कमिटीने दुखवट्याचा ठराव केला. महादेवरावांच्या मागे पत्नी, दोन मुली आणि अपुरा नकाशा आहे असे त्यात नमूद झाले. मग नवा ओव्हरसियर ताबडतोब मिळावा असा दुसरा ठराव झाला, आणि तो जास्त मनापासून झाला. चिवडा संपायच्या आत ठाणेदाराचा शिपाई आला. खुनी सापडला होता. प्रेत पुंजारामच्या मळ्याखाली बाभळीच्या मुळ्यांत अडकलेले होते, डोक्याच्या मागच्या बाजूला घाव होता, आणि महिन्यापूर्वी पुंजाराम चारचौघांत ओव्हरसियरला म्हणाला होता, "माह्या मळ्यात खुटी ठोकशीन, तं मी तुह्यं डोक्सं ठोकीन."

"चला," भगवंतराव म्हणाले, "मळ्याचा प्रश्न आपोआप मिटला."

वामनराव घरी आले तेव्हा ओसरीच्या पायरीवर एक बाई बसली होती. शेजारी टोपलीत वांगी, आणि डोळ्यांत पाणी बिलकूल नाही.

"मी पुंजारामची बायको. सुभद्रा."

"बाई, मी त्याच सडक कमिटीचा सभासद आहे."

"मालूम हाय जी. बाकीच्या वकिलायनं तेच कारण सांगून वापस लावलं. तुमी निदान कारन सांगून थांबले, वापस त नाई लावलं."

वामनरावांना हसू आले, आणि तिथेच ते फसले. "ठीक आहे. पोळ्याच्या दिवशी दुपारी ओव्हरसियर जिवंत होते, आणि दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, त्यांचं प्रेत सापडलं. मधल्या वेळात पुंजाराम कुठे होता?"

सुभद्रा टोपलीतली वांगी उगाच सरळ करू लागली.

"त्यानं मारलं नाई. पन तो कुठं होता, थे मी सांगनार नाई."

२

पुंजाराम कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. फाशीच्या वाटेवरचा माणूस घाबरलेला असतो असे वामनरावांचा वीस वर्षांचा अनुभव सांगत होता. हा घाबरलेला नव्हता. लाजलेला होता.

"घरीच होतो जी."

"दिवसभर?"

"दिवसभर. ताप होता."

"पोळ्याला बैल लायनीत उभे करायला आखरावर नाही गेलास?"

पुंजाराम म्हणाला, "घरीच होतो जी." एखाद्याने वहाण पायात घालावी तसे ते वाक्य त्याने पुन्हा घातले.

ठाणेदार शेषराव बाहेर खुर्चीत वारा घेत होते. माणूस वाईट नव्हता. कामाचा कंटाळा एवढाच काय तो दोष, आणि त्या नोकरीत तो दोष धरत नाहीत.

"वकीलसाहेब, कायले पाय घासता? तो म्हणते घरी होतो, अन् रामराव पाटील म्हणते पोळ्यात होता. त्यायनं सोता पाह्यला. पुंजारामची जोडी लायनीत आपल्या ठरल्या जागी, डाव्या अंगाला, उभी होती. पोळा फुटला, बैल घरी बांधले, अन् हा पहार घेऊन नदीकडं गेला. अजून काय पाहिजे? आरोपीनं खोटं बोलाव आन् पाटलानं खरं, असं जमून आलेलं प्रकरण मले दहा सालात भेटलं नाई."

"पाटलांशिवाय कोणी पाहिला?"

"सारं गाव सांगते. शेजारीण मनकर्णा त बैलाच्या झुलीचा रंग सांगते."

वामनराव विचार करू लागले. पोळ्यात नव्हतो असे सांगितल्याने पुंजारामचा काही फायदा नव्हता. शेकडो लोकांत उभा होतो म्हटले असते तर निदान दुपारपुरता बचाव तयार होता. गाव तो बचाव फुकट देत होते, आणि हा नको म्हणत होता. निरपराध माणसाला इतके वाईट खोटे का बोलावे लागावे?

"शेषराव," ते म्हणाले, "ओव्हरसियर पोळ्याच्या दिवशी काय करत होते?"

"काम. पुण्याकडचा मानूस. मजूर म्हनाले, आज पोळा, आमी हात नाई लावत. तं म्हने मी एकटा करतो. डोक्यावर खुट्याची मोळी घेऊन निंगाला."

वामनराव थांबले. पुंजारामच्या मळ्यातल्या खुंट्या तर महिन्यापूर्वीच ठोकून झाल्या होत्या. मग त्या दिवशीची मोळी कुठे गेली?

३

रामराव पाटलांनी वकिलांना गादीवर बसवले, सुपारी कातरून दिली, आणि महादेवरावांची आठवण काढून डोळे टिपले.

"सोन्यासारखा मानूस. मी त्याले म्हनत जाओ, सायेब, पुलावर आपलं नाव कोरू. आता कोरनं आलंच."

"खालच्या उतारावरच पूल होणार, हे नक्की होतं?"

"नक्की म्हंजे? खुट्या हायत न. तुमच्याच कमिटीचं काम, तुमालेच सांगू काय?"

"पुंजारामची जोडी तुम्ही पोळ्यात पाहिली?"

पाटील हसले. "वकीलसायब, तुमी शहरातले. पोळ्याच्या दिवशी कुनब्या-माळ्याची जोडी लायनीत नसन, तं कुठं असन? आदल्या सांजेले खांद शेकलेली रायते. हयद-लोनी लावून बैलाच्या कानात सांगतलेलं रायते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्याच्या उप्पर त्या खांद्यावर कोनी जू ठेवीन? मानूस मारनं एक डाव समजू शकतो मी. पन पोळ्याले जू?" त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. "तवा जोडी गावात, तं मालक गावात. अन् मी डोळ्यानं पाह्यला."

हे बोलणे वामनरावांना जरा उलट्या क्रमाचे वाटले. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीला कोणी आधी कारणे देत नाही.

तिथून ते वरच्या उतारावर गेले. पाटलांच्या वावरात गुडघाभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती. पोळ्याच्या पहाटे पाऊस पडून गेला होता, त्यानंतर ढग फिरकला नव्हता. काळी जमीन वरून सुकून आत ओली होती. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून चालता चालता त्यांचा पाय एका भोकात मुरगळला. भोक चौकोनी होते. कडा सुरीने कापल्यासारख्या. काही पावलांवर तसेच दुसरे, मग तिसरे, थेट नदीच्या दरडीपर्यंत एका ओळीत. दरडीखाली चाचणीचा खड्डा होता, आणि खड्ड्याच्या तळाशी निळसर काळा, अखंड खडक.

खालच्या उतारावरचा चाचणीचा खड्डाही त्यांनी पाहिला. त्यात गाळ होता. वामनरावांनी बाभळीचा फोक खुपसला. तो गेला, जात राहिला, आणि तळ न लागताच हातातून संपला. इथे पूल बांधणे म्हणजे शिऱ्यात खांब रोवणे होते.

गावात मनकर्णाबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती.

"जोडी व्हती जी. लाल झूल. मी पाह्यली."

"पोळा केव्हा फुटला?"

"उशीर झाला बापा यंदा!" हा प्रश्न तिला सोपा वाटला, म्हणून ती मोकळी झाली. "बैल उभे राहून राहून बसाले आले. झडत्या म्हनून म्हनून पोरायचे गळे बसले. पाटलाच्या बैलायचं मखर आल्याबिगर तोरन कसं तुटीन? अन् पाटलाचा पत्ता नाई. दिवस बुडता बुडता आले, केस वले. म्हने डबल आंघोय केली, पूजेले विटाळ झालता."

"तेवढा वेळ पुंजाराम लायनीत उभा होता?"

सुपातली डाळ थांबली.

"व्हता न जी," मनकर्णा म्हणाली. "लाल झूल."

पण या वेळी ती सुपाकडे पाहून बोलली.

४

पुंजारामच्या गोठ्यात जोडी बांधलेली होती. मालक तुरुंगात गेल्यापासून बैलांना काम नव्हते. शिंगांचा हिंगूळ अजून ताजा दिसत होता. सुभद्रा कडब्याची पेंढी सोडत होती. लाल झूल दावणीजवळच्या खुंटीला घडी घालून ठेवलेली होती, आणि त्या घडीवर कोळ्याने निवांतपणे जाळे विणले होते.

"ही झूल यंदा काढलीच नाही?"

सुभद्राने दुसरी पेंढी उचलली.

वामनराव बैलाजवळ गेले. कोर्टाबाहेरच्या प्राण्यांशी त्यांची ओळख कमी. बैलाने मान वळवल्याबरोबर ते दोन पावले मागे सरले. पण तेवढ्यात दिसायचे ते दिसले. खांदशेकणीची हळद वशिंडाभोवती पिवळीजर्द होती, आणि मानेवर, वशिंडाच्या बरोबर पुढे, वीतभर रुंदीचा पट्टा साफ पुसलेला होता. दुसऱ्या बैलाचेही तसेच. पाऊस असा नेम धरून धूत नाही.

खांद शेकली पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. पुंजारामला धरला करीच्या सकाळी. नंतर जोडी जागची हलली नव्हती. म्हणजे या खांद्यांवर जू पडले, ते पोळ्याच्याच दिवशी.

अशिलाला वाचवायला निघालेल्या वकिलाने अशिलाच्याच गोठ्यात पुरावा शोधून काढला होता. पोळ्याला गाडी जुंपली. कशासाठी? प्रेत न्यायला?

मग त्यांचे लक्ष गोठ्यापलीकडे मळ्यात गेले. झेंडूचा अख्खा वाफा उभा होता आणि त्यावर एक फूल नव्हते.

"सुभद्राबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "झेंडू कुठे गेला?"

पेंढी तिच्या हातातून सुटली. "वकीलसायब," ती म्हणाली, "तुमाले हात जोडते. थे फाशी देतीन तं देऊ द्या. हे गावात नका सांगू."

५

झेंडूचा माग काढत वामनराव माणिकबाईपर्यंत पोचले. ती अमरावतीला देवळाच्या वाटेवर हार विकत असे. पोळ्याला बैलांच्या गळ्यातले हार जेवढे खपत तेवढे तिच्याकडून वर्षभर देवाला जात नसत.

"आसरखेडचा माळी? आला होता न. झुंजूमुंजू झालं नव्हतं. टोपले मोजाले मी थकली. मी म्हटलं बापा, एवढा माल डोक्यावर आनला? त बोलला नाई. गाडी काई दिसली नाई. गावाबाहेर चिंचेत सोडली असन कुठं."

"माल विकून परत केव्हा गेला?"

"तेच तं! दुपारी हार सरले. मी म्हटलं, जाय आता, तुह्या बैलायचा पोळा हुकीन. त म्हने नाई, बसतो. बसला इथं पायरीवर. भाकर देली तं खाल्ली नाई. दिवे लागले तवा उठला."

दिवसाउजेडी गावात शिरला असता तर पोळ्याच्या दिवशी जुंपलेली गाडी गावाने पाहिली असती. अंधार पडेपर्यंत तो अमरावतीत लाज लपवत बसला, आणि तिकडे त्याच्या नावाने खून तयार होत होता.

कोठडीत पुंजारामने सगळे ऐकून घेतले आणि पहिल्यांदा रडला.

"दर साली हल्याची, रेड्याची, गाडी भाड्यानं नेतो जी. हल्याले पोळा नसते. यंदा थो हल्याच मेला. झेंडू त पोळ्याचाच. दुसऱ्या दिवशी त्याले बकरी खाते. अन् मळा तं सडकेत चालला, म्हटलं शेवटचा माल हाय. पावसाळ्याची वाट चिखलाची. एवढे टोपले डोक्यावर कसे जातीन?" त्याने नाक पुसले. "ज्याच्या गळ्यात हार घालाचे, त्याच्याच खांद्यावर नेले जी मी."

"तू अमरावतीला होतास. हे सांगितलंस की सुटलास."

"नाई सांगनार."

"वेडा आहेस का? जीव जाईल!"

"जीव माह्या एकट्याचा जाईन जी. हे सांगतलं, तं पोरीचं लगन कोन करीन?"

वामनराव बाहेर आले ते संतापून. पण संतापावे कोणावर हे वकिली पुस्तकांत दिलेले नव्हते.

६

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात आसरखेड झाडून आले होते. गावातल्या माणसाला फाशी लागणे ही नित्याची गोष्ट नव्हती. महादेवरावांच्या डोक्यावरच्या घावाचे वर्णन डॉक्टरांनी केले, तेव्हा मागच्या बाकावर कोणी तरी पानाला चुना लावत होते.

माणिकबाईची साक्ष झाली. सरकारी वकील हसले. "एक हारवाली म्हणते अमरावतीला होता. अख्खं गाव म्हणतं पोळ्यात होता. आरोपी स्वतः म्हणतो घरी होता. महाराज, इतक्या ठिकाणी एका वेळी फक्त परमेश्वर असतो."

मॅजिस्ट्रेटांनी पुंजारामला विचारले, "पोळ्याला तू गाडी जुंपून अमरावतीला गेला होतास का?"

पुंजारामने मागे वळून गावाकडे पाहिले. गाव त्याच्याकडे पाहत होते.

"नाई सायेब. घरीच होतो."

वामनरावांनी डोळे मिटले. सुभद्राने साक्षीला यायला साफ नकार दिला होता. तिचे नाव त्यांनी यादीत घातलेच नव्हते. आता काही उरले नाही असे वाटत असतानाच मागून आवाज आला.

"मी सांगते."

ती आपली आपण पुढे आली. शिपाई आडवा झाला तर त्याला वळसा घालून आली. शपथ घेतली.

"झेंडू गाडीनं गेला. पोळ्याच्या दिवशी जोडी जुंपली. जू मी ठेवलं. याचा हात लागत नवता, म्हनून मी ठेवलं."

कोर्टात केवढा तरी हाय हाय उठला. मॅजिस्ट्रेटांना टेबल वाजवावे लागले. खुनाला जे जमले नव्हते ते जुवाने केले. पान खाणाराही उठून उभा राहिला.

वामनरावांनी मनकर्णेला पुन्हा बोलावण्याची परवानगी घेतली.

"मनकर्णाबाई, लाल झुलीवर कोळ्याचं जाळं मी स्वतः पाहिलं. जोडी लायनीत होती?"

मनकर्णा रडायला लागली. "नवती जी. जागा खाली व्हती. समद्यायनं पाह्यली. आमाले समजलं का यायनं जुंपली. म्हटलं शेजारी हाय, लाज झाकाव. पोलीस इचाराले आले तं म्हटलं, व्हती. फाशीचं आमाले काय मालूम जी?"

मग एकामागून एक साक्षीदार कबूल झाले. सगळ्यांनी पुंजारामवर दया केली होती, आणि त्या दयेने त्याला फासापर्यंत आणून सोडले होते. रामराव पाटील म्हणाले, गर्दीत पाहण्यात चूक झाली असेल, वय झाले.

पुंजाराम सुटला. बाहेर आल्यावर तो बायकोशी बोलला नाही. पुढे चालत राहिला, आणि ती मागे.

७

"बसा, शेषराव," त्याच संध्याकाळी वामनराव ठाण्यात म्हणाले. ठाणेदार बसलेलेच होते. "आता खून कोणी केला ते सांगतो."

"सांगा. ऐकाले पैसे पडत नाई."

"महादेवरावांनी खाली गाळ पाहिला, वर खडक पाहिला. माणूस पुण्याकडचा, तुसडा, पण काम जाणणारा. त्यांनी लाइन बदलली. पोळ्याच्या दिवशी खुंट्यांची मोळी घेऊन ते वरच्या उतारावर गेले आणि पाटलांच्या पऱ्हाटीत खुंट्या ठोकल्या. भोकांच्या कडा शाबूत आहेत. पहाटेच्या पावसाआधीची असती तर ढासळली असती. पाटील वावरात आले असतील. आपल्या सगळ्यात चांगल्या वावरातून सडक जाताना पाहिली. पुढे काय झालं ते दोघांनाच माहीत, आणि एक मेला. प्रेत नदीत लोटलं, खुंट्या उपटल्या. तिकडे गाव बैल घेऊन ताटकळत उभं. पाटील आंघोळ करून, ओल्या केसांनी, दिवस बुडता आले."

"अन् प्रेत मळ्यात कसं गेलं?"

"पाण्यानं. मळा वरच्या उताराखाली, प्रवाहाच्या दिशेनं आहे. सगळ्या गाड्या त्या दिवशी बंद होत्या, नदी चालू होती. पाटलांना वाटलं असेल की प्रेत पूर्णा नदीपर्यंत जाईल. ते पुंजारामच्या बाभळीत अडकलं. सकाळी पाटलांना आयता आरोपी मिळाला, धमकी देऊन बसलेला. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट वाढवली: मी त्याला पोळ्यात पाहिला."

"त्यात त्यायचं काय चुकलं?"

"आलेल्या माणसाला लायनीतली रिकामी जागा दिसते. पाटील आले ते पाहायच्या स्थितीत नव्हते. त्यांनी ती साक्ष डोळ्यानं दिलीच नाही, रिवाजानं दिली. पोळ्याच्या दिवशी जोडी गावाबाहेर असूच शकत नाही, या खात्रीवर. शेजाऱ्यांनी खोटं सांगितलं, कारण त्यांना रिकामी जागा दिसली होती. पाटलांनी सांगितलं, कारण दिसली नव्हती. कोर्टात बाकी सगळे म्हणाले, लाज झाकत होतो; पाटील म्हणाले, पाहण्यात चूक झाली. पुंजारामनं जू ठेवलं आणि गाव ते झाकत होतं, हे त्यांना आज कोर्टातच कळलं."

शेषरावांनी मिशी कुरवाळली.

"पटलं," ते म्हणाले. "इमानानं सांगतो, पटलं. उद्या जातो."

ते खरोखरच गेले. वावरात कोळपणीचे डवरे फिरले होते. भोके बुजली होती. गावाने जबाब दिले. पाटलांना उशीर झाला नव्हता. मनकर्णाबाई म्हणाली, "पाटील येळेवरच आले जी. यंदा पोळाच लवकर भरला." ओले केस कोणी पाहिले नव्हते. शेषरावांनी हे वामनरावांना सांगितले तेव्हा त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

पुढच्या बैठकीत सडक कमिटीने पूल खालच्या उतारावर मंजूर केला. तिथे खडक नाही असे वामनराव म्हणाले.

"पाया खोल घेऊ," भगवंतराव म्हणाले. "खुंट्या ठोकलेल्या आहेत, वामनराव. पुन्हा ठोकायच्या म्हणजे पुन्हा ओव्हरसियर आला."

ठराव मांडला भगवंतरावांनी. विरुद्ध मत एक पडले. बनातले पहिले वाटप झाले, त्यात पाटलांच्या थोरल्या मुलाला नदीकाठची जमीन मिळाली.

दुसऱ्या वर्षी श्रावण संपत आला असताना सुभद्रा वामनरावांच्या ओसरीवर आली. वांगी नव्हती, मळ्यावर आता मुरमाचा ढीग होता. पुंजाराम बडनेऱ्याला हमाली करत होता. ती माणिकबाईच्या शेजारी बसून दुसऱ्याच्या मळ्यातली फुले ओवत होती.

"तुमचे पैसे द्याचे राह्यले जी. देईन."

"राहू द्या. बैल आहेत ना अजून?"

"हायत. इकाले मन नाई. यंदा आमची जोडी लायनीत उभी करू देत नाई म्हनते गाव. पंचायत बसली होती. पाटलानं निवाडा केला, का ज्यायनं पोळ्याले जू ठेवलं त्यायच्या बैलायले तोरनाखालून काढता येत नाई."

"कोणत्या पाटलानं?"

"त्याच. दुसरा कुठला हाय?"

सुभद्राने पदर खोचला आणि पायरी उतरली.

"त्यानं मानूस मारला, वकीलसायब," ती जाता जाता म्हणाली, "अन् आमी जू ठेवलं. गावानं तोलून पाह्यलं. आमचंच जड भरलं."